टायर फुटण्याआधी

सामनेवाल्यांच्या लेखी कैफियतीतला, म्हणजे आमच्या भरपाईच्या दाव्याला समोरच्यांनी दिलेल्या उत्तरातला, सातवा परिच्छेद मला आजही पाठ आहे. 'सदर अपघात हा वाहनाचा पुढील उजवा टायर अचानक फुटल्याने घडलेला अपरिहार्य अपघात असून त्यात वाहनचालकाचा अथवा वाहनमालकाचा कोणताही निष्काळजीपणा नाही. सबब अर्ज खर्चासह नामंजूर करण्यात यावा.' वकील मॅडमच्या ऑफिसात आईने तो मला मोठ्याने वाचायला लावला. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "खरंच असेल गं. टायर काय सांगून फुटतो?"

आमचा सगळा दावा पुढे या एका प्रश्नाभोवतीच फिरला. म्हणून तो पहिल्यापासून सांगते. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची पायरी चढणाऱ्या घरांना 'चूक कुणाचीच नव्हती' हे वाक्य कधी ना कधी ऐकावं लागतंच, आणि ते ऐकून पुष्कळ जण तिथेच हात टेकतात.

मे २०२२ मधली गोष्ट. बाबा सुतारकाम करायचे, वय ५२. संध्याकाळी कामावरून परतताना हत्यारांची पिशवी कॅरिअरला बांधून ते राज्यमार्गाच्या कडेने, डांबराच्या बाहेर मुरमावरून, सायकल हातात धरून चालत होते. समोरून मालवाहू टेम्पो येत होता. त्याचा पुढचा उजवा टायर फुटला, गाडी उजवीकडे ओढली गेली, पूर्ण रस्ता ओलांडून बाबांच्या बाजूला आली आणि त्यांना धडकली. ड्रायव्हर पळून गेला नाही. त्यानेच दुसऱ्या गाडीला हात करून बाबांना दवाखान्यात पोचवलं. रात्री बाबा गेले.

पोलिसांनी तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम २७९ आणि ३०४-अ खाली गुन्हा नोंदवला. भेटायला येणारे नातेवाईक मात्र एकच म्हणायचे, टायर फुटला, त्याला ड्रायव्हर तरी काय करणार. मलाही तेच वाटायचं. ड्रायव्हरवर राग काढावा असं माझ्याकडे काही नव्हतं आणि राग न काढता भरपाई मागायची म्हणजे लबाडी केल्यासारखं वाटायचं.

वकील मॅडमनी पहिल्या भेटीत दोन कलमं समोर ठेवली. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं आणि १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेलं कलम १६४: मृत्यू झाला तर ५ लाख, गंभीर दुखापत असेल तर अडीच लाख, कुणाची चूक होती हे सांगायचंही नाही आणि सिद्धही करायचं नाही. दुसरं कलम १६६: इथे कमावत्या माणसाचं उत्पन्न, वय, अवलंबून असलेली माणसं यावरून पूर्ण भरपाई मिळते, पण समोरच्याचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. मुदत अपघातापासून सहा महिने. विमा कंपनीचा माणूस ५ लाखांचा प्रस्ताव घेऊन घरी येऊन गेला होता. भावाच्या कॉलेजची फी भरायची होती, आईचा कल सही करण्याकडे होता. मॅडमनी थांबवलं. तडजोडीच्या त्या पद्धतीने १६४ ची रक्कम एकदा स्वीकारली की १६६ खालचा अर्ज संपुष्टात येतो, हे कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. अशा वेळी घरात पैशांची इतकी ओढाताण असते की हा एक धागा नजरेतून सुटून जातो. आम्ही १६६ खाली अर्ज केला. आई, मी आणि भाऊ असे तीन अर्जदार.

मग कैफियत आली आणि त्यात तो सातवा परिच्छेद.

आईचा प्रश्न मी मॅडमना जसाच्या तसा विचारला. त्यांनी उत्तर देण्याआधी मलाच विचारलं, "टायर फुटला त्या क्षणी ड्रायव्हर काय करू शकला असता?" मी म्हटलं, काहीच नाही. "आणि आदल्या दिवशी?" यावर मला बोलता येईना.

त्यांनी पुढे जे समजावलं ते मी त्याच दिवशी वहीत उतरवून ठेवलं. कायद्याच्या लेखी अपरिहार्य अपघात म्हणजे अचानक झालेला अपघात नव्हे. अचानक तर सगळेच अपघात होतात. सर फ्रेडरिक पोलॉक या इंग्रज कायदेपंडितांची व्याख्या वकील मंडळी अजून वापरतात. तिचा आशय असा की त्या ठिकाणी, त्या वेळी, ते काम करणाऱ्या समंजस माणसाकडून जी खबरदारी अपेक्षित आहे ती सगळी घेऊनही जो टळला नसता, तो अपरिहार्य अपघात. म्हणजे सगळा भार खबरदारीवर. अपघात कसा झाला एवढं सांगून भागत नाही. तो होऊ नये म्हणून आधी काय काय केलं होतं ते सांगावं लागतं. पूर, वीज, भूकंप अशा निसर्गाच्या कोपाची गोष्ट वेगळी, तिला कायद्यात दैवी आपत्ती म्हणतात. टेम्पोचा टायर त्यात बसत नाही.

दुसरी गोष्ट सिद्ध कुणी करायची याची. निष्काळजीपणा दाखवायचं ओझं एरवी अर्जदारावर असतं. पण रस्ता सोडून चालणाऱ्या माणसाला समोरून येणारी गाडी आपली बाजू सोडून, पूर्ण रस्ता ओलांडून येऊन धडकते, तेव्हा ती घटनाच स्वतः बोलते. नीट सांभाळलेल्या, नीट चालवलेल्या गाड्या सहसा असं करत नाहीत. मग खुलासा गाडीवाल्याने द्यायचा. तो 'यांत्रिक बिघाड' म्हणाला, तर तो बिघाड दडलेला होता आणि वाजवी काळजी घेऊनही सापडला नसता हे त्यानेच दाखवायचं. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली मिनू मेहता खटल्यात हे सांगून ठेवलं आहे. त्याच निकालात, निष्काळजीपणाशिवाय मालकावर दायित्व येत नाही असंही म्हटलं होतं. ते मत पुढे टिकलं नाही, त्याकडे नंतर येते.

मॅडमनी मला दोन जुने इंग्लिश खटले सांगितले. त्यांतला एक ऐकताना मला आमचीच केस ऐकतोय असं वाटलं. बार्कवे खटला, हाउस ऑफ लॉर्ड्सचा, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाचा, निकाल १९५० चा. बसचा टायर फुटला, बस रस्त्याबाहेर जाऊन बांधावरून खाली कोसळली, प्रवासी मेले. त्यातल्या एकाच्या विधवेने दावा लावला. टायर आतून फाटलेला होता. एखाद्या जोरदार दणक्याने आतले धागे तुटतात आणि बाहेरून काही दिसत नाही, अशा प्रकारचं ते फाटणं होतं. कंपनीची टायर तपासायची पद्धत होती. तरी कंपनी जबाबदार ठरली. कारण टायरला मोठा दणका बसला तर येऊन कळवा, असं तिने ड्रायव्हरांना बजावून ठेवलेलंच नव्हतं. बाहेरून न दिसणारा दोषसुद्धा, त्याची खबर मिळण्याचा रस्ता मालकाने उघडा ठेवला नाही म्हणून, अपरिहार्य राहिला नाही.

दुसरा हेंडरसन खटला, १९७० च्या लॉ रिपोर्टात छापलेला. लॉरीचे ब्रेक निकामी झाले, एक माणूस चिरडला गेला. ब्रेकची नळी गंजली होती, तीही अशा जागी की नळी काढल्याशिवाय गंज दिसणार नाही. ठरलेली नेहमीची तपासणी आम्ही केली होती, असं मालकांचं म्हणणं. न्यायालयाने सांगितलं, तेवढ्याने पुरत नाही. ही लॉरी आजवर कुठे फिरली, कसला माल वाहिला, तिच्या इतिहासात जास्त काळजी घ्यावी असं काही होतं का, हे सगळं पुढे मांडा. मालकांनी ते मांडलं नाही आणि ते हरले.

हे ऐकल्यावर मी पोलीस ठाण्यातून मिळालेल्या नकला पुन्हा काढून बसले. फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल आणि मोटार वाहन निरीक्षकाचा तपासणी अहवाल. निरीक्षकाने ब्रेक ठीक, स्टिअरिंग ठीक, पुढील उजवा टायर फुटलेला, एवढंच लिहिलं होतं. टायर कोणत्या अवस्थेत होता, किती झिजला होता, एक शब्द नाही. खुद्द टायर बघायची सोय उरली नव्हती. सुपुर्दनाम्यावर, म्हणजे ताब्याच्या हमीपत्रावर, गाडी मालकाला परत मिळाली आणि फुटका टायर भंगारात गेला होता. याचं मला आजही फार वाईट वाटतं. माणसाच्या मृत्यूला कारण झालेली वस्तू, आणि ती जपून ठेवायला कुणी सांगितलं नव्हतं.

राहिले फोटो. पंचनाम्याच्या वेळी पोलिसांनी काढलेले काही आणि गर्दीतल्या एका मुलाने मोबाइलवर काढून नंतर भावाला पाठवलेले काही. त्या मुलाच्या एका फोटोत टायरची बाजू प्रकाशात आलेली होती. मी तो मोठा करत गेले. रबरावर एका लांबट गोल चौकटीत चार आकडे होते: २३१४. आमच्या वळणावरच्या पंक्चरवाल्याला दाखवले, तर त्याने एका नजरेत सांगितलं, "ताई, हा २०१४ सालचा आहे. तेविसावा आठवडा." म्हणजे अपघात झाला तेव्हा टायर जवळपास आठ वर्षांचा. त्याने आणखी एक दाखवलं. नक्षी मध्ये थोडीफार शिल्लक होती, पण दोन्ही कडांना जवळजवळ सपाट झाली होती. हवा जास्त असेल तर टायर मध्ये झिजतो, कमी असेल तर कडांना. हा टायर बरेच दिवस कमी हवेवर पळाला होता. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात बाजूंना दबतो आणि सुटतो, त्याने आतून तापतो, धाग्यांपासून रबर सुटायला लागतं. वर मेचा तापलेला रस्ता आणि पाठीवर माल.

मॅडम म्हणाल्या, पंक्चरवाल्याचं मत काही पुरावा होणार नाही. पण उलटतपासात काय विचारायचं ते त्याने आपल्याला दिलं आहे. टायर आठ वर्षांचा आहे एवढ्यानेच निष्काळजीपणा सिद्ध होतो असंही नाही. कायद्यात मालवाहू गाडीच्या नक्षीची किमान खोली दिलेली आहे, १.६ मिलिमीटर, पण फोटोवरून मिलिमीटर मोजता येत नाहीत. आकड्यांचा उपयोग एवढाच की आता खुलासा मालकाला द्यावा लागणार होता.

मधल्या काळात फौजदारी खटल्याचा निकाल लागला. न्यायदंडाधिकाऱ्यांनी ड्रायव्हरला निर्दोष सोडलं. गाडी भरधाव होती हे कुणी साक्षीदार नक्की सांगू शकला नाही आणि टायर फुटल्यावर गाडी ताब्यात ठेवणं त्याच्या हातात नव्हतं, असं निकालात होतं. घरी सगळ्यांचे चेहरे उतरले. आता आपलंही संपलं असं भाऊ म्हणाला. विमा कंपनीच्या वकिलांनी तो निकाल लगेच आमच्या दाव्यात दाखल केलाच.

मला स्वतःला त्या निकालाचं दुःख झालं नाही, हे मला इथे लिहायचं आहे. कायदेशीर काम योग्य काळजी घेऊन करत असताना, कसलाही गुन्हेगारी उद्देश नसताना अपघात घडला तर तो गुन्हा होत नाही. जुन्या दंड संहितेचं कलम ८०, आताच्या भारतीय न्याय संहितेचं कलम १८. एखाद्याला तुरुंगात पाठवायचं तर शंकेला जागा उरता कामा नये, आणि इथे शंकेला जागा होती. पण न्यायाधिकरणापुढे मोजमाप दुसरं असतं. तिथे दोन बाजूंपैकी अधिक संभवनीय कोणती एवढंच पाहतात. १९८० साली एनकेव्ही ब्रदर्स खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या पीठाने लिहिलं होतं की इथे थोडी शंका, तिथे थोडी अस्पष्टता, एवढ्यावर चालक-मालक सुटता कामा नयेत आणि निरपराध माणसं भरडली जाता कामा नयेत. त्या खटल्यातही बसचा चालक फौजदारी कोर्टातून सुटलेला होता.

आईचा सरतपास, म्हणजे आमच्या बाजूने झालेली साक्ष, आणि समोरच्यांचा उलटतपास लवकर उरकला. बाबांच्या उत्पन्नावरून तिला बरंच छेडलं गेलं. सुताराकडे कसली पगारपत्रकं असणार. नंतर बरेच दिवस नुसत्या तारखा पडत राहिल्या. कधी न्यायाधीशांची बदली, कधी समोरच्यांचा मुदतीचा अर्ज. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

ड्रायव्हरचा उलटतपास मात्र जसाच्या तसा डोळ्यांपुढे आहे. तो साक्षीला आला याचं मॅडमना नवल वाटलं. बहुतेक वेळा चालकाला पिंजऱ्यात आणतच नाहीत आणि मग न्यायाधिकरण त्यावरून त्यांच्याविरुद्ध निष्कर्ष काढू शकतं. हा आला. चाळिशीचा, अंगावर धुतलेला पांढरा शर्ट. आईकडे त्याने एकदाही वर पाहिलं नाही. मॅडमनी वेगाबद्दल काही विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, त्या दिवशी गाडी चालवताना काही वेगळं जाणवत होतं का.

"उजवीकडे ओढत होती."

"कधीपासून?"

"आदल्या दिवसापासून."

"मग तुम्ही काय केलं?"

"हवा भरली."

"आणि अपघाताच्या दिवशी सकाळी?"

"सकाळी परत बसलेली होती. परत भरली."

विमा कंपनीचे वकील उठले. न्यायाधीशांनी त्यांना हातानेच बसवलं आणि टंकलेखकाला मजकूर सांगितला: 'हे खरे आहे की, अपघाताच्या आदल्या दिवसापासून सदर टायरमधील हवा कमी होत होती.' मॅडमनी शेवटचं विचारलं, ही गोष्ट मालकाला सांगितली होती का. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सांगितली. माल उतरवून आल्यावर बघू म्हणाले."

तो माणूस मालकाकडे अजून नोकरीला होता. खरं सांगून त्याने काय ओढवून घेतलं असेल ते मला माहीत नाही. त्याच्याबद्दल मला आदर वाटतो.

मालकाकडे फिटनेस प्रमाणपत्र होतं, मुदतीतलं. सगळा बचाव त्यावरच उभा होता. मॅडमनी विचारलं, तपासणीच्या दिवशी गाडीला हाच टायर होता का? सांगता येत नाही. टायर कधी घेतला? आठवत नाही. बिल? नाही. टायर, ब्रेक, सर्व्हिसिंग यांची नोंदवही? ठेवत नाही. ड्रायव्हरने हवेबद्दल सांगितलं होतं? आठवत नाही. प्रमाणपत्र खोटं होतं असं आमचं म्हणणं कधीच नव्हतं. तपासणी झाली त्या दिवशी गाडी ठीक होती, एवढंच ते सांगतं. त्यानंतर गाडीचं काय झालं आणि मालकाने काय केलं याबद्दल त्याला तोंड नाही.

युक्तिवादाच्या दिवशी विमा कंपनीच्या वकिलांनी कर्नाटक उच्च न्यायालयाचा १९७५ चा पद्मावती खटला पुढे केला. जीपच्या पुढच्या उजव्या चाकाचा बोल्ट निसटला, जीप कलंडली, लिफ्ट घेऊन बसलेल्या दोन अनोळखी माणसांपैकी एक मेला. निव्वळ अपघात, चालक-मालक जबाबदार नाहीत, असा निकाल झाला होता. पहिल्यांदा ऐकताना माझ्या पोटात गोळा आला. मॅडमनी उत्तरात फरक दाखवला: तिथे दोष वरवर दिसण्यासारखा होता असा पुरावाच आलेला नव्हता, शिवाय ती माणसं आपणहून गाडीत बसली होती. इथे टायरने आदल्या दिवसापासून सूचना दिली होती, ती दोघांपर्यंत पोचली होती, आणि आमचे बाबा कुणाच्या गाडीत बसले नव्हते, ते रस्त्याच्याही बाहेर होते.

निकालपत्र हातात आलं तेव्हा मी आधी मुद्दा क्रमांक दोन शोधला. 'अपघात अपरिहार्य होता हे सामनेवाले सिद्ध करतात काय?' समोर एकच शब्द: नाही. खालची कारणं मी पुन्हा पुन्हा वाचली. टायर फुटल्यानंतरच्या क्षणी चालकाला दोष देता येत नाही हे न्यायाधीशांनी मान्य केलं होतं. निष्काळजीपणा त्याच्या आधीचा आहे, असं त्यांनी लिहिलं. हवा टिकत नसलेल्या टायरवर माल भरून गाडी मोठ्या रस्त्यावर काढणं, आणि कळूनही ती न थांबवणं. फौजदारी निकालाशी याचा विरोध नाही, कारण तिथे प्रश्नच निराळा होता.

याच्यापुढे आणखी एक परिच्छेद होता, आणि माझ्या मते तो सगळ्यात मोलाचा आहे. समजा हा अपघात खरोखरच अपरिहार्य असता, तरी अर्ज नुसता फेटाळता आला नसता. आधार ३ जानेवारी २००१ च्या कौशनुमा बेगम खटल्याचा. तिथेही जीपचा पुढचा टायर फुटला, जीप उलटली आणि पायी जाणारा माणूस गेला. न्यायाधिकरणाला चालकाचा निष्काळजीपणा दिसला नाही. सर्वोच्च न्यायालयाने मग रायलंड्स विरुद्ध फ्लेचर या १८६८ च्या खटल्यातलं कठोर दायित्वाचं तत्त्व मोटार अपघाताला लावलं. धोक्याची वस्तू आपल्या फायद्यासाठी बाळगणाऱ्याने तिच्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून द्यावं, मग त्याची चूक असो वा नसो. निष्काळजीपणाशिवाय दायित्व नाही हे मिनू मेहता निकालातलं मत, त्या खटल्याच्या निर्णयाला आवश्यक नव्हतं म्हणून, बंधनकारक मानलं गेलं नाही.

मला हे पटतं, अगदी मनापासून पटतं. रस्त्यावर गाड्या धावतात त्यातून मालकाला भाडं मिळतं, व्यापाऱ्याचा माल पोचतो, विमा कंपनीला हप्ता मिळतो. कडेने चालणाऱ्या माणसाला त्यातून काहीच मिळत नाही. मग कुणाचीच चूक नसलेल्या अपघाताचा भार त्या एकट्याच्या बायकामुलांनी का उचलावा? चुकीचा शोध घेतलाच पाहिजे, पण चूक सापडली नाही म्हणून नुकसान नाहीसं होत नाही.

रकमेचं थोडक्यात. बाबांचं उत्पन्न महिना १२,००० धरलं. पन्नाशी ओलांडलेल्या, स्वतःचा धंदा करणाऱ्या माणसासाठी पुढच्या वाढीचे १० टक्के, ते २०१७ च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे. मग त्यांच्या स्वतःच्या खर्चासाठी एक तृतीयांश वजा, आणि ५२ व्या वर्षासाठी २००९ च्या सरला वर्मा निकालातला गुणक ११, म्हणजे वर्षाच्या रकमेला ११ ने गुणायचं. ते झाले ११,६१,६००. त्यावर अंत्यसंस्कार आणि सहवासाच्या हानीचे ठरीव आकडे आणि व्याज. रक्कम विमा कंपनीने भरायची. आईच्या वाट्यातला मोठा भाग मुदत ठेवीत ठेवायचा असा आदेश झाला. त्या वर्षी घरी येऊन ठेवलेला ५ लाखांचा प्रस्ताव आणि हा आकडा यांच्यात जे अंतर आहे, ते ड्रायव्हरच्या त्या उत्तरांनी भरून काढलं.

खरोखरचे अपरिहार्य अपघात नसतातच असं मी म्हणणार नाही. इंग्लंडमधल्या मॅन्सफिल्ड खटल्यात ट्रकचालकाची रक्तातली साखर अचानक घसरली आणि ट्रक एका दुकानात घुसला. आपल्याला असा आजार आहे याची त्याला कल्पनाच नव्हती, आणि त्याला दोष दिला गेला नाही. उलट १९८० च्या रॉबर्ट्स खटल्यातल्या म्हाताऱ्या गृहस्थांना गाडी चालवतानाच पक्षाघाताचा झटका सुरू झाला होता. बरं वाटत नाही हे कळत असूनही ते चालवत राहिले, म्हणून जबाबदार ठरले. दोघांनाही शेवटच्या क्षणी काही करता आलं नसतं. फरक होता तो आधी काही जाणवलं होतं का, एवढ्याचाच.

माझ्या मैत्रिणीच्या सासऱ्यांचा अलीकडे अपघात झाला. मालट्रकच्या ड्रायव्हरला चालवताना फेफरं आलं, त्यात ते गेले. तिच्याही घरी सध्या तेच चाललंय, बिचाऱ्याला फेफरं आलं, तो तरी काय करणार. मी तिला त्याच संध्याकाळी फोन केला. त्याला आधी कधी झटके आले होते का, गोळ्या चालू होत्या का, कोणत्या डॉक्टरकडे, हे आताच विचारून घ्या. दवाखान्यात त्याचा जबाब झाला असेल तर त्याची नक्कल मागा. लायसन्सचं नूतनीकरण झालं तेव्हाचा वैद्यकीय दाखला काढा. मालकाने नोकरीवर ठेवताना काय विचारलं होतं तेही वकिलांना पाहायला सांगा. आणि विमा कंपनीचा माणूस १६४ चा कागद घेऊन आला, तर वकिलांना दाखवल्याशिवाय सही करू नका. तिने सगळं लिहून घेतलं. सहा महिन्यांतले दोन अजून शिल्लक आहेत.